पहिला बो-सीझन: पैसे कुठे ओतायचे, कुठे हात आखडायचा?

पाऊलवाट
न्यू जर्सीत व्हाइटटेल हरणाच्या बो-सीझनसाठी (धनुष्याने शिकार करायचा हंगाम) सामान जुळवायचं आहे. बो हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला आहे. उंची ५ फूट ७ इंच, ड्रॉ लेंग्थ (दोर किती मागे ओढला जातो ते माप) २७ इंच, ६० पाउंड आरामात ओढता येतात. जागा खाजगी रानातली, मालकाचा लॅडर स्टँड (झाडाला टेकवलेली, वर बसायची फळी असलेली शिडी) तिथे उभा आहे. अंतर फार तर ३० यार्ड. बजेट १२०० डॉलर, ताणलं तर १५००. पर्याय तीन:

१) यंदाचं टॉप मॉडेल, नुसता बो, १३०० डॉलर.
२) साइट (नेम धरायची), रेस्ट (बाण टेकायचा), क्विव्हर (बाण ठेवायचा) लावून येणारं पॅकेज, ५५०.
३) चार वर्षं जुनं टॉप मॉडेल, वापरलेलं, नुसता बो, ५००.

बाकी काही म्हणजे काही नाही. कृपया आकड्यांसकट सांगा, "मन म्हणेल ते घ्या" नको.

काटकसर_काका
पहिला पर्याय खोडा. त्यात १३०० जातात ते मुख्यतः वेगाच्या आकड्यासाठी, आणि तो आकडा तुमचा नाहीच. जाहिरातीतले ३३० फूट प्रतिसेकंद हे ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाण तोलायचं बारीक एकक) हलका बाण धरून काढलेले असतात. तुमचा हिशेब लावू: ड्रॉ तीन इंच कमी, इंचामागे साधारण १०, म्हणजे ३० गेले. ७० ऐवजी ६० पाउंड, आणखी १५-२० गेले. बाण ३५० ऐवजी ४२० ग्रेनचा, तीन ग्रेनला एक फूट धरलं तर २३. पीप (दोरात बसवलेलं, डोळ्यासमोर येणारं भोक) आणि डी-लूप (दोरावरचा ओढायचा छोटा फास) ४-५ खातात. हातात उरले २५० च्या आसपास.

आता ऊर्जा. बाणाचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. ४२० ग्रेन आणि २५० ला उत्तर येतं ५८ फूट-पाउंड. बाण बनवणाऱ्या ईस्टनच्या जुन्या तक्त्यात हरणाला २५ ते ४१ सांगितलेत. म्हणजे ३१० वाला बो घेऊन २३० मिळाले, तरी ४९ हातात आहेत. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाने ३० इंचवाल्यांच्या जाहिराती वाचून पाकीट उघडू नये, एवढंच.

कार्बन रायझरचंही (बोचा मधला, मुठीचा भाग) तेच. कडाक्याच्या थंडीत हाताला गार लागत नाही, हा फायदा खरा. बाकी हातमोजा वीस डॉलरला मिळतो.

झाडपाला
काकांना अनुमोदन. तिसरा पर्याय घ्या, पण दुकानातून बाहेर पडायच्या आधी हे बघा:

सगळ्यात आधी कॅम, म्हणजे टोकांवरची चाकं. काही बोंचं मॉड्यूल (कॅमवरचा ड्रॉ लेंग्थ ठरवणारा तुकडा) एका स्क्रूवर फिरतं आणि ड्रॉ लेंग्थ २५ पासून ३० पर्यंत कुठेही बसते. काहींमध्ये प्रत्येक लेंग्थला वेगळं मॉड्यूल लागतं, तर काही जुन्या बोंमध्ये अख्खा कॅमच बदलावा लागतो, तोही प्रेस (बो दाबून दोर सैल करणारं यंत्र) लावून. बाजारात वापरलेले बो बहुतेक २९-३० इंचांवर लावलेले येतात. २७ चा भाग मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारल्याशिवाय भाव करू नका. दोन इंच लांब बो "चालवून घेणं" म्हणजे डावा हात ताठ, मान मागे, आणि दोर रोज कोपराच्या आत घासणार.

मग लिंब. (कडुनिंबाचा संबंध नाही, बोच्या वरखालच्या पात्या.) कापसाचा बोळा घेऊन दोन्ही बाजूंनी आणि कडांवरून हळू फिरवा. कुठे तंतू अडकला की तिथे चीर. चीर असलेला बो फुकट दिला तरी घ्यायचा नाही. बाण न लावता दोर सोडला गेला असेल, म्हणजे ड्राय फायर, तर खुणा कॅमवर दिसतात: दोराच्या खाचेच्या कडेला वाकलेला किंवा ठेचलेला भाग, ॲक्सलजवळ लिंबाला सुटलेले पापुद्रे. बो ओढलेला असताना दुसऱ्याला मागून बघायला सांगा, कॅम एका बाजूला कलंडतोय का.

दोर आणि केबल जुने आहेत असंच धरा. दोन-तीन वर्षांत ते बदलायचेच असतात. नवा सेट १२० ते १६० डॉलर, बसवणावळ वेगळी. तेव्हा ५०० चा बो खरा ६५० ला पडतो, भाव करताना हे समोरच्याच्या कानावर घाला.

मधला_मार्ग
पॅकेजला एवढं नाक मुरडू नका. ५५० च्या पॅकेजमधला बो स्वतः उत्तम असतो. ड्रॉ लेंग्थ आणि पाउंडेज दोन्ही ॲलन कीने बदलतात, प्रेस लागत नाही, नवीन माणसाला हे फार सोयीचं. गडबड असते ती वर चिकटवलेल्या सामानात, पण तिथेही सरसकट नाही. ब्रशवाला गोल रेस्ट, ज्याला लोक बिस्किट म्हणतात, तो ठेवा. ३० यार्डाला त्याने काही बिघडत नाही, बाण पडत नाही, आणि त्यात हलणारा भागच नसल्यामुळे बिघडायलाही काही नाही. ड्रॉप-अवे रेस्ट छान असतो, पण केबलला बांधलेली त्याची दोरी सरकली की रेस्ट वेळेवर पडत नाही, पिसं आपटतात आणि तुम्ही चार दिवस स्वतःच्या नेमाला शिव्या घालता.

साइट मात्र बदलायला लागेल. स्वस्त साइटचे पिन (ठरावीक अंतराला नेम धरायचे ठिपके) प्लॅस्टिकच्या खाचेत बसवलेले असतात. शंभर-दीडशे बाणांच्या हादऱ्यांत स्क्रू ढिले होतात, २० चा पिन २३ ला जाऊन बसतो. १०० ते १२० डॉलरची धातूची तीन पिनांची साइट घ्या, २०-३०-४० लावा आणि स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर. फिरवायच्या चाकाची अडीचशेची सिंगल पिन साइट पश्चिमेकडच्या मोकळ्या डोंगरांत कामाची. तुमच्या रानात हरीण १८ यार्डांवर थांबतं, चाक फिरवायला सांगत नाही.

पाऊलवाट
दोघांचे आभार. वापरलेल्या बोचं मॉड्यूल फिरणारं आहे, दुकानदाराने २७ वर लावून दाखवला. कापूसही फिरवला, अडकला नाही. आता बाण. .००१ वाले (सरळपणातली चूक, इंचांत) १८० डॉलर डझन, .००६ वाले १०० च्या आत. फरक दिसतो का?

ग्रेनमोजे
३० यार्डाला दिसत नाही. शाफ्टचा, म्हणजे बाणाच्या दांडीचा, वाक बहुधा टोकांशी असतो. पूर्ण लांबीचे .००६ घ्या आणि दोन्ही टोकांनी कापून २७ इंच करा, बराच वाक तिथेच जातो. कापायला घासून कापणारी चकतीची करवत हवी, बाण फिरवत कापायचा. लोखंडी हॅकसॉ किंवा पाइप कटर लावलात तर कार्बनचे धागे चिरतात. धूळ नाकात जाऊ देऊ नका. कापल्यावर टोक काटकोनात आणायचं छोटं साधन मिळतं, ३० डॉलरच्या आसपास. माझ्या मते .००१ वर घालायचे ८० डॉलर वाचवून हे घ्यावं. टोक तिरकं असेल तर इन्सर्ट (पुढचं टोक बसवायची आतली नळी) तिरका बसतो, इन्सर्ट तिरका तर ब्रॉडहेड (शिकारीचं पातीवालं टोक) तिरकं, आणि मग शाफ्ट कितीही सरळ असो.

वजनाचा हिशेब: ३४० स्पाइन (बाणाच्या ताठपणाचा आकडा, कमी म्हणजे ताठ), इंचाला ९.३ ग्रेन धरू. २७ इंचाचे २५१. पितळी इन्सर्ट ५०. पुढचं टोक १००. तीन व्हेन (प्लॅस्टिकची पिसं) मिळून १८. नॉक (दोरात अडकणारा मागचा भाग) ९. बेरीज ४२८ ग्रेन. हेच ॲल्युमिनियमच्या १६ ग्रेनच्या इन्सर्टने केलं तर ३९४. डझनभर पितळी इन्सर्ट वीस-पंचवीस डॉलरला येतात, आणि बाण पुढून जड होतो तो अगदी स्वस्तात.

बाण पुढे किती जड आहे हे काढायला बाण बोटावर तोला. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत २७.५ इंच, मध्य १३.७५. तोल १८ वर साधला तर फरक ४.२५, भागिले २७.५, म्हणजे १५ टक्क्यांच्या जरा वर. १० ते १५ पुरतात, थोडं वर गेलं तर काही अडत नाही.

मधला_मार्ग
६० पाउंड, २७ इंचांना तक्त्यात ४०० स्पाइन येतं. तुम्ही ३४० का धरलंत?

ग्रेनमोजे
तक्ता नेहमीच्या इन्सर्टवर आणि १०० ग्रेनच्या टोकावर बेतलेला असतो. पुढे ३४ ग्रेन वाढवले की बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे ४०० चा बाण मऊ पडल्यासारखा वागतो. फील्ड पॉइंटला (सरावाचं, पाती नसलेलं टोक) ते लपून जातं. ब्रॉडहेड लावलं की त्याची पाती वाऱ्याला धरतात आणि बाण भलतीकडे. लोक मग "ब्रॉडहेड खराब" म्हणून परत करतात.

आणि हो, प्रत्येक शॉटआधी बाण दोन्ही हातांत धरून थोडा वाकवा, फिरवा, कानाशी घ्या. करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून कचऱ्यात. चिरलेला कार्बन सुटताना फुटतो आणि बो धरलेल्या हातात घुसतो.

पातं
ब्रॉडहेडवर पैसे वाचवू नका, पण महाग म्हणजे चांगलं असंही नाही. तुमच्या ५८ फूट-पाउंडांत फिक्स्ड घ्या, उघडणारं मेकॅनिकल नको. मेकॅनिकलची पाती उघडण्यातच थोडी ऊर्जा जाते, आणि खांद्याच्या हाडाजवळ तिरका लागला तर आत जायचं बळ कमी पडतं. ७० पाउंड, ३० इंचवाल्याला ते परवडतं.

कायद्यातली मापं आधी वाचा. न्यू जर्सीत तुमच्या ड्रॉ लेंग्थला किमान ३५ पाउंड हवेत आणि ब्रॉडहेडची रुंदी किमान पाऊण इंच. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलात तर तिथेही ३५ पाउंडच, पण रुंदी सात-अष्टमांश इंच लागते. दोन्हीकडे जाणार असाल तर इंच-सव्वा इंचाचं घ्या, प्रश्न मिटला.

तीन ब्रॉडहेडचं पाकीट ४०-४५ डॉलर. त्यातलं एक सरावाला ठेवायचं, दोन हात न लावलेली. सरावाचं पातं परत शिकारीला वापरायचं तर धार लावूनच. धारेची परीक्षा: एक रबर बँड सैलसर ताणून त्यावरून पातं नुसतं ओढा. दाब न देता तुटला पाहिजे. दाबावं लागलं तर पातं हरणाच्या शिरा कापणार नाही, बाजूला ढकलेल. रक्त कमी पडतं, माग हरवतो, जनावर वाया जातं.

तिरंदाज_सातारा
वाचनखूण साठवली. इकडे टार्गेटवाले आहोत. २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ओजस देवतळे आणि अदिती स्वामी दोघांनीही कंपाउंडचं वैयक्तिक सुवर्ण आणल्यापासून साताऱ्यात, नागपुरात पालक बोचे भाव विचारत फिरतात. त्यामुळे एक शंका: टार्गेटचं सामान तिकडे चालेल का?

झाडपाला
रिलीज (दोर ओढून सोडायचं चापाचं साधन) चालेल, बोट आणि डोकं तर नक्कीच चालेल! बाकीचं अवघड आहे. ३० इंचाचा स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारा पुढचा दांडा) झाडावर फांदीत अडकतो. पातळ पट्टीच्या रेस्टवरून बाण जराशा हालचालीने घसरतो. भिंगाचा स्कोप संध्याकाळी काळोखतो, आणि हरीण बाहेर पडतं नेमकं तेव्हाच. इथे सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी असते. त्या उजेडात पीपचं भोक पाव इंचाचं हवं, टार्गेटला लावतात तसं बारीक नाही. पीप पंधरा डॉलरचं असतं, पण सगळ्यात जास्त शॉट त्याच्यामुळे हुकतात असं माझं मत.

संपादक
एक नोंद. हा धागा अमेरिकेतल्या परवाना घेऊन होणाऱ्या शिकारीबद्दल आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. त्याबद्दलचे दोन प्रतिसाद काढले आहेत. चालू द्या.

उंचावरून
इतके प्रतिसाद झाले आणि दोरावर, पात्यावर, कार्बनवर बोलून झालं, पण माणूस झाडावरून पडतो याबद्दल अजून अवाक्षर नाही. पाऊलवाट, लॅडर स्टँडबरोबर फुकट आलेला हार्नेस मालक देईल. तो घेऊ नका. कितीही नवा दिसू दे. त्याची तारीख बघा, बहुतेक उत्पादक पाच वर्षं सांगतात, आणि पट्टे गॅरेजच्या उन्हात किती पडले होते ते कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय अंधारात, जाकिटावरून, गार बोटांनी तो गुंता सोडवता येत नाही म्हणून लोक तो घालतच नाहीत. १०० ते १२० डॉलरचा, जाकिटासारखा अंगात चढणारा घ्या.

दुसरं, लाइफलाइन. ४० डॉलर. झाडाच्या वरच्या टोकाला, स्टँडच्याही वर बांधलेला जाड दोर जमिनीपर्यंत येतो, त्यावर प्रुसिक गाठ सरकते. पाय जमीन सोडायच्या आधी हुक त्या गाठीत, आणि पाय परत जमिनीला लागल्यावरच बाहेर. शिडी संपून फळीवर पाय टाकतानाचा क्षण सगळ्यात वाईट, आणि नुसता वरचा पट्टा बांधणारा माणूस नेमका तेव्हा मोकळा असतो. पडून हार्नेसवर लटकलात तर मांड्यांतलं रक्त अडतं, म्हणून पाय टेकायला देतात तो फासाचा पट्टा खिशात हाताला लागेल असा ठेवा.

स्टँडचे रॅचेट पट्टे वर्षभर झाडावर राहिले असतील तर नवे लावा. झाड जाड होतं, पट्टा ताणतो, खारी कुरतडतात. दोन पट्टे वीस डॉलर. बो पाठीला लावून चढायचं नाही, खालून दोरीने ओढून घ्यायचा, बाण क्विव्हरमध्ये आणि पाती टोपीखाली झाकलेली.

काटकसर_काका
उंचावरून यांना दंडवत. माझ्या हिशेबात हे यायला हवं होतं. हार्नेसच्या १५० मध्ये काटकसर करणाऱ्याला मी काटकसरी म्हणणार नाही, दुसरा शब्द आहे, संपादक काढून टाकतील.

पाऊलवाट
हार्नेस, लाइफलाइन यादीत सगळ्यात वर टाकले. रेंजफाइंडरचं सांगा. कोन धरून अंतर सांगणारा २५०, साधा वापरलेला १००.

ग्रेनमोजे
झाडावरून कोनाचा बाऊ फार केला जातो. डोळे २० फूट उंच, म्हणजे पावणेसात यार्ड. हरीण झाडाच्या बुंध्यापासून २० यार्ड. सरळ रेषेत मोजलं तर २१. फरक एका यार्डाचा, तुमच्या पिनाच्या जाडीत बुडून जातो. कोलोरॅडोत ३० अंशांच्या उतारावर ५० यार्ड असेल तर खरे ४३ धरावे लागतात, तिथे ते २५० वसूल. तुम्ही साधा घ्या. स्टँडवर बसल्या बसल्या २० आणि ३० यार्डांवरची चार झाडं मोजून लक्षात ठेवा. हरीण आल्यावर हात हलवायला नको.

उंचावरून शॉट वर जातो तो कोनामुळे कमी आणि वाकण्यामुळे जास्त. आधी समोर सरळ बो ओढा, नॉक गालाशी नेहमीच्या जागी आणा, मग कमरेतून खाली वाका. नुसता हात खाली केला की पीप आणि डोळ्याची रेषा मोडते.

मधला_मार्ग
रिलीजवर ७०-८० घालवा. मनगटाचा पट्टा बक्कलवाला हवा. वेल्क्रोची चर्रर्र हरणाला साठ यार्डावरून कळते. बक्कलचं भोक एकदा ठरलं की रोज तेच, वेल्क्रो रोज वेगळा बसतो आणि ड्रॉ लेंग्थ पाव इंचाने सरकते.

कपड्यांवर मात्र एक डॉलरही नको. वारा तोंडावर असेल तर जुना करडा स्वेटर चालतो, पाठीवर असेल तर सहाशेचं कॅमो जाकीट चालत नाही. फक्त कपडे धुताना "पांढरं शुभ्र" करणारी पावडर टाळा. त्यातले चमक आणणारे घटक हरणाच्या डोळ्याला निळसर चमकतात. अंगाचा वास दाबणारे स्प्रेही दुकानातच राहू द्या.

पातं
ट्यूनिंग (बाण सरळ सुटावा अशी बोची जुळवणी) राहिलं. दुकानात ५०-६० डॉलर घेतात, पहिल्यांदा द्यावेत. पुढचं घरी होतं. २० यार्डांवर तीन फील्ड पॉइंट, मग त्याच वजनाची ब्रॉडहेडं. ब्रॉडहेड डावीकडे लागत असतील तर रेस्ट उजवीकडे, खाली लागत असतील तर रेस्ट वर. म्हणजे रेस्ट फील्ड पॉइंटच्या दिशेने सरकवायचा, आणि एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, जास्त नाही. दोन्ही पुंजके एकत्र आले की मगच साइटला हात. साइट उलट नियमाने चालते, ती बाणाच्या मागे जाते: बाण डावीकडे तर पिन डावीकडे. लोक दोन्ही एकदम फिरवतात आणि रविवार वाया घालवतात.

रेस्ट हलवण्याआधी मूठ तपासा. बो तळव्यात घट्ट पकडला तर सगळे पुंजके डावी-उजवीकडे जातात आणि कुठलाच रेस्ट ते दुरुस्त करत नाही.

सरावासाठी पोतं भरा, जुन्या कपड्यांनी, घट्ट. फील्ड पॉइंटला वर्षभर पुरतं. ब्रॉडहेड त्यात मारू नका, पाती कापडात रुततात आणि बाण बाहेर येत नाही. त्यासाठी फोमचा ठोकळा, ७० डॉलर.

पाऊलवाट
यादी अशी झाली: वापरलेला बो ४८० (वीस उतरवले), दोर-केबल १४०, दुकानातलं ट्यूनिंग ६०, साइट ११०, बिस्किट रेस्ट ५०, रिलीज ८०, बाण आणि पितळी इन्सर्ट १३०, ब्रॉडहेड ४५, हार्नेस ११०, लाइफलाइन ४०, फोम ७०, क्विव्हर ३५, साधा रेंजफाइंडर १००. एकूण १४५०. उरलेल्या पन्नासात स्टॅबिलायझर घ्यावा का? टोक घासायचं साधन आणि रॅचेट पट्टे मित्राकडे आहेत.

झाडपाला
स्टॅबिलायझर पुढच्या वर्षी. आणि मित्राकडचे पट्टे? उंचावरून यांनी वाचायच्या आत वीस डॉलरचे नवे घ्या. उरले तीस. त्यात डी-लूपची दोरी फूटभर. साडेचार इंच कापायची, दोन्ही टोकं लायटरने वितळवून छोटी गोल बोंडं करायची, गाठी एकमेकींच्या उलट बाजूला आल्या पाहिजेत नाहीतर लूप फिरतो. पक्कडीने आतून ताणून घट्ट करा आणि एक तयार तुकडा रिलीजच्या पिशवीत ठेवा. एक हेडलॅम्प, माग काढायला. एक आर्मगार्ड, आठ-दहा डॉलरचा. ऑक्टोबर संपताना जाकीट जाड होतं, सुटलेला दोर बाहीला घासतो आणि टी-शर्टवर लावलेला पिन चार इंच चुकतो. शेवटचे दोन आठवडे सराव जाकीट आणि हार्नेस घालूनच करा, जमलं तर त्याच शिडीवर बसून.